तुम्ही कापलेली नळी

अण्णा, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. त्याआधीचे दहा महिने मी तुमच्याशी धड एक वाक्यही बोललो नव्हतो, आणि आता बोलायला बसलोय तर तुम्ही नाहीत. तुमची बहीण, म्हणजे माझी बायको शोभा, सकाळी मला वही-पेन घेऊन बसलेला बघून म्हणाली, "आता लिहून काय उपयोग? त्यो होता तवा फोन उचलायचा होता." तिचं खरं आहे. तरी लिहितोय.

पिंगळीला तुमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता, की अण्णा फार शिस्तीचे. मी कोपऱ्यात सतरंजीवर बसून ऐकत होतो. मनात म्हणालो, शिस्तीचा मार यांनी कुठं खाल्लाय. तो मी खाल्ला, सहा वर्षं, माझ्याच शेतात, माझ्याच गोदामात, माझ्याच विमानापाशी.

ते विमान आणलं तो दिवस आठवतो का तुम्हाला? पोखर्णीच्या अलीकडच्या आपल्या शेतात कापसाच्या गोदामाचं दार मी मुद्दाम रुंद करून घेतलं होतं. विमान म्हणजे तरी काय, एकामागं एक दोन माणसं बसतील एवढी चौकट, वर कापडी पंख, पाठीमागं इंजिन आणि त्याला पंखा. गावानं लगेच त्याचं नाव टोळ ठेवलं. तीन हिवाळे लांबच्या एका क्लबात राहून मी उडवायला शिकलो होतो, परवानगीचे कागद गोळा करता करता चपला झिजल्या होत्या, आणि त्या दिवशी माझी छाती फुगून सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या बाकी होत्या. सगळे फोटो काढत होते. तुम्ही नुकतेच हवाई दलातून निवृत्त होऊन पिंगळीला आला होता, सारा जन्म इंजिनं खोलण्यात घालवून. तुम्ही दस्तीनं हात पुसले, टोळाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ह्येचं पुस्तक कुठं हाय?"

मी हसलो. आमच्या घरी चार ट्रॅक्टर झाले, पुस्तक कुणी उघडलं नाही. बाराव्या वर्षापासून इंजिन खोलतोय मी, असं काहीतरी ऐटीत बोललो. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "दाजी, ट्रॅक्टर बंद पडला तर तुमी खाली उतरून त्येला लाथ घालता. ह्येच्यातनं कुठं उतरणार?"

बापू बाजेवर बसले होते. माझे वडील सहसा कुणाच्या बोलण्याला हसत नसत, पण त्या दिवशी ठसका लागेपर्यंत हसले.

पुस्तक होतं, पण इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. तुम्ही ते पिंगळीला घेऊन गेलात. दोन महिन्यांनी परत आलात तेव्हा हातात लांबडी वही होती आणि तिच्यात अख्खं पुस्तक मराठीत उतरलेलं होतं, तुमच्या त्या उभ्या, एकमेकांना न चिकटणाऱ्या अक्षरात. प्रत्येक कामाला नंबर, प्रत्येक नंबरापुढं खूण करायला चौकोन. पहिल्या पानावर दोन याद्या होत्या. मालकानं करायची कामं आणि मालकानं हात लावायचा नाही, इंजिनिअरला बोलवायचं, अशी कामं. दुसरी यादी लांब होती. मी म्हणालो, मग मला मालक कशाला म्हणायचं? तुम्ही म्हणालात, पेट्रोल भरायला.

मग आपलं ते वाचन सुरू झालं. एकानं वही धरायची आणि एक ओळ मोठ्यानं वाचायची. दुसऱ्यानं ते काम हातानं करायचं आणि "झालं" म्हणायचं. "झालं" ऐकू आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. मधे फोन वाजला, कुणी भेटायला आलं, नुसती शिंक जरी आली तरी तीन ओळी मागं जायचं. मी त्याला अण्णांची पोथी म्हणायचो आणि आरती कधी म्हणून विचारायचो. खाली उतरल्यावर, असं तुमचं ठरलेलं उत्तर. कितीही चिडवलं तरी तुमचा आवाज तोच, सावकाश, एका चालीतला. आता वाटतं, त्या आवाजासाठीच मी चिडवत होतो.

पंख्याच्या बोल्टांचं प्रकरण तर मी गावभर सांगितलंय, फक्त माझ्या सोयीनं बदलून. खरं असं झालं होतं, की तुम्ही यायच्या आधीच मी सहाही बोल्ट कसून ठेवले होते. माझा हातच माप आहे, म्हणालो. तुम्ही वाद घातला नाही. पिशवीतून तो टॉर्क पाना काढलात, ठरलेला जोर लागला की कट्ट वाजणारा, लहान लेकरासारखा फडक्यात गुंडाळून ठेवायचा तो. एकेका बोल्टाचं माप घेतलंत. सहा बोल्टांची सहा मापं निघाली. तुम्ही एवढंच म्हणालात की हात चांगला आहे, पण सहा हात आहेत. मग सगळे सैल करून, वहीत लिहिलेल्या क्रमानं, समोरासमोरचे दोन-दोन घेत पुन्हा कसायला लावलेत. उन्हानं पत्रा तापला होता आणि मी आतून तुमच्या नावानं खडे फोडत होतो.

आणि तो दहा नंबरचा पाना. काम सुरू करायच्या आधी पांढऱ्या कापडावर हत्यारं मांडून मोजायची, काम झाल्यावर परत मोजायची, ही तुमची रीत. एकदा एक पाना कमी भरला. इंजिनात राहिला असेल तर? त्या दिवशी उडायचं बंद. दुपारपर्यंत आपण दोघं रांगत होतो. शेवटी सापडला बापूंच्या बाजेखाली, त्यांनी त्यानं सुपारी फोडली होती. मी बापूंवर तडकलो. तुम्ही पाना धुतलात, पुसलात, कापडावर त्याच्या जागी ठेवलात आणि बापूंना खिशातून अडकित्ता दिलात. तो त्यांनी शेवटपर्यंत वापरला.

एकदा मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. इतकं कडक असण्यामागं काही घडलं असणार. कुणी दोस्त गेला का, तुमच्या हातून काही राहिलं होतं का? मला गोष्ट हवी होती. तुम्ही प्लग साफ करता करता म्हणालात, "काईच झालं न्हाई, दाजी. तीस वर्षांत काईच झालं न्हाई. त्येच तर सांगायलोय." मला ते उत्तर तेव्हा फिकं वाटलं होतं.

चौकटीच्या एका नळीवर केसासारखी रेघ दिसली तेव्हाही तेच. मला ती रंगाची वाटत होती. तुम्ही नखानं चाचपलंत आणि वही मिटवून ठेवलीत. आपलं काम नाही, इंजिनिअरला बोलवा. इंजिनिअर यायला तीन आठवडे लागले. तो आला, भिंगातून बघितलं आणि म्हणाला, रंगाचीच आहे. मी तुमच्याकडं असं बघितलं, की आता तरी बोला. तुम्ही खुशीत होता. इंजिनिअरला जेवायला थांबवून घेतलंत आणि स्वतः त्याला ठेचा वाढलात. बरोबर कोण ठरलं याचं तुम्हाला काही पडलेलंच नव्हतं.

आता त्या सकाळच्या गोष्टीवर यायला पाहिजे. मी टाळत होतो.

बापूंना एकदा वर जायचं होतं. देवळाचा कळस बघायला नाही, की हौस म्हणून नाही. आमच्या आणि धाकट्या चुलत्यांच्या शेतामधला बांध चाळीस वर्षं भांडणात होता. बांध वाकडा कुणी केला, हा प्रश्न. बापू म्हणायचे, वरनं एकदा बघू दे, सगळं दिसंल. मी वरून बघून आलो होतो आणि सांगितलं होतं की दोघांनीही केलाय. त्यांना माझे डोळे चालत नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांचं शरीर, छाती नाजूक झालेली. डॉक्टरांनी हो-नाही करत दहा मिनिटांना परवानगी दिली. संक्रांत होऊन गेली होती. दिवस ठरला, पाहुणे ठरले, चुलत्यांनाही खाली उभं राहून बघायचं आमंत्रण गेलं.

दोन दिवस आधी मी वहीप्रमाणं तपासणी केली तेव्हा पेट्रोलची नळी टोकाला कडक लागली. वहीत स्पष्ट होतं, कडक लागली की बदलायची आणि इंजिनाच्या कंपनीनं सांगितलेलीच बसवायची. मी जुनी काढली, नवी मागवली. ती वाटेत कुठंतरी अडकली. आदल्या संध्याकाळपर्यंत आली नाही. गोदामाच्या भिंतीला फवारणीच्या पंपाची नवी कोरी नळी लटकत होती. आरपार दिसणारी, मऊ, मापात बसणारी. आपल्याकडं त्या नळीनं काय काय चालत नाही? ट्रॅक्टर चालतो, मोटारसायकल चालते. मी वीतभर तुकडा कापला, बसवला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. इंजिन चालवून बघितलं. थेंब गळला नाही. वही मी उघडलीच नाही, कारण वहीत काय आहे ते मला पाठ होतं.

सकाळी सूर्य कासराभर वर आला तेव्हा तुम्ही स्कूटरवरून आलात. बापू धुतलेलं धोतर, स्वेटर, डोक्याला हेल्मेट अशा थाटात बाजेवर बसले होते. चुलते बांधावर उभे होते. तुम्ही नेहमीसारखी फेरी सुरू केलीत आणि तुमचं बोट त्या नळीवर थांबलं.

"दाजी, ही नळी कुठली?"

नवीच आहे, मी म्हणालो.

"नवी हाय ते दिसायलंय. कुठली हाय?"

पंपाची, मी म्हणालो. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. वही कुणी वाचली, हे तुम्ही विचारलंत, आणि मी बांधावरच्या चुलत्यांकडं बघितलं. तुम्ही टाकीची चावी बंद केलीत, खाली भांडं धरलंत, खिशातला चाकू काढलात आणि नळी दोन्हीकडून कापलीत. तुकडा दस्तीत गुंडाळून खिशात घातलात. पंचवीस माणसं बघत होती. मी ओरडलो, की हे विमान माझं आहे. तुम्ही आवाज चढवला नाहीत.

"तुमचंच हाय. मी न्हाई म्हणलो तरी तुमी उडणार. म्हणून कापली."

बापूंनी स्वतःच हेल्मेट काढलं.

खरी नळी पाचव्या दिवशी आली. तेव्हा धुकं होतं, मग वारा सुटला, मग बापूंना ताप भरला आणि छातीत कफ साठला. बाराव्या दिवशी ते गेले. बांध त्यांनी वरून बघितला नाही तो नाहीच.

मी तुम्हाला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. तुम्ही दहाव्याला नदीवर आलात, माझ्यापासून चार हातांवर उभे राहिलात आणि मी तुमच्याकडं बघितलं नाही. तुमचे फोन आले ते मी शोभाकडं दिले. टोळावर ताडपत्री टाकली. घरात तुमचं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो. शोभा बिचारी एकीकडं भाऊ, एकीकडं नवरा अशी उभी भाजून निघाली. मी म्हणायचो, एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची इच्छा पुस्तकापायी मारली. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की मलाच ते खरं वाटायला लागलं.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. शोभालाही नाही. ताप चढला होता त्या दिवशी मी बापूंच्या उशाशी होतो. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अण्णाला सांग. नळी कापली ते बेस केलंस म्हणावं. बांध कुठं पळून जायलाय का?" थोड्या वेळानं परत विचारलं, सांगशील न्हवं? मी हो म्हणालो. तुम्ही त्याच दुपारी त्यांना बघायला येणार होता. तुम्ही आलात, तेव्हा ते झोपले होते. मी तुम्हाला पाणी दिलं आणि निरोप दिला नाही. दोन दिवसांनी देऊ, असं मनात म्हणालो. मग ते गेले, आणि निरोप दिला असता तर माझ्या रागाला उभं राहायला जागाच उरली नसती. बापाचं दुःख मला पेलत नव्हतं, अण्णा. राग पेलत होता.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनींनी शोभाच्या हातात एक काचेची बाटली दिली, घट्ट झाकणाची. आत पेट्रोल आणि तेल, आपण इंजिनात घालतो त्याच मापाचं मिश्रण, आणि त्यात तो नळीचा तुकडा. सोबत तुमच्या हातचा एक कागद. शोभानं तो माझ्यासमोर ठेवला. अक्षर उभं, सुटं.

पहिला दिवस, फरक नाही, मऊ आहे. तिसरा दिवस, रंग किंचित पिवळा. नववा दिवस, टोक कडक. एकविसावा दिवस, वाकवली तर चीर पडली. त्याखाली, बाटलीत इंजिनाचा हादरा नाही आणि गरमी नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही. सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं, दाजींना दाखवणे. त्याच्यापुढं चौकोन होता आणि चौकोन रिकामा होता.

वहिनींनी सांगितलं, दोनदा तुम्ही ती बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवून निघाला होता. दोन्ही वेळा परभणीतून मागं फिरलात. त्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "दाजी पैली ओळ वाचतील आन् इचारतील, मग त्या दिशी बापूला नेता आलं असतं का? मी काय सांगू?"

मी विचारलंच असतं. तुम्ही मला नीट ओळखत होता. ती एक ओळ लिहिली नसती, तर चिरलेली नळी माझ्या तोंडावर मारून तुम्ही मला दोन मिनिटांत गप्प केलं असतं. कागद तुमचा, बाटली तुमची, बघणारं कुणी नव्हतं. तुम्हाला तेवढंही जमलं नाही. पहिल्या दिवशी फरक नव्हता, म्हणून फरक नाही असं लिहिलंत आणि त्या ओळीच्या ओझ्याखाली दहा महिने एकटे बसलात.

आता माझं उत्तर ऐका. नाही, नेता आलं नसतं. पहिल्या दिवशी नळी धड होती हे तुम्हाला बाटलीत ठेवल्यावर कळलं. त्या सकाळी तुम्हाला ते ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. आणि ठाऊक नसताना मी माझ्या बापाला मागच्या सीटवर बसवायला निघालो होतो. ते बारा दिवस अंथरुणावर का होईना, माझ्या हातून पाणी पिऊन गेले. त्यासाठी मी तुमच्या पाया पडायला पाहिजे होतं.

काल इंजिनिअरला फोन केला. दहा महिने उभं राहिलेलं विमान आहे, सगळं रबर बदलायचं, टाकी धुवायची आणि तो स्वतः बघून सही करेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, असं तो म्हणाला. बरं, म्हणालो. पुढं एक अक्षर बोललो नाही. तुम्हाला खोटं वाटेल.

भाऊबीजेला शोभाला सोडायला मी पिंगळीपर्यंत आलो होतो. ती उतरून आत गेली. तुम्ही फाटकात आलात. बारीक झाला होता. गाडीच्या काचेवर हात ठेवून म्हणालात, चहा तरी घ्या, दाजी. बापूंचा निरोप तेव्हा माझ्या ओठांवर होता, खरंच होता. मी म्हणालो, उशीर होतोय, जायचंय. तुम्ही हात काढून घेतलात आणि बाजूला झालात. मला कुठंही जायचं नव्हतं, अण्णा.